दारातून दिसलेली नळी
साखरा, मंगळवार, १२ मे

गावातल्या निम्म्या तिफणी, घरचा पलंग, वर्कशॉपचं हे दार. सगळं माझ्या हातचं, कुणी शिकवलेलं न्हाई. तिफणीची बी पडायची लोखंडी नळी सरळ आहे का, ते मी एक डोळा मिटून, दारातल्या उजेडाकडं धरून पाहतो. माझी बायको शांता जिवंत होती तेव्हा मुद्दाम दारात येऊन उभी राहायची. "माझ्यावर काहून नेम धरून राहिले?" म्हणायची आणि हसायची.

आज संध्याकाळी तशीच नळी डोळ्याला लावली, तर दारात बंदुका रोखलेले पोलीस. "खाली टाक." टाकली तर वाकेल, हेच आधी मनात आलं. असं कसं आलं? हळूच ठेवली. पुढच्या शिपायाचं बोट घोड्यावरच होतं.

इथं गावठी कट्टे बनतात, असा ११२ वर फोन गेला होता. केला गावातल्याच गणपतनं, गंमत म्हणून. साहेबांनी नळीतून आरपार पाहिलं आणि कपाळ पुसलं.

शांता आज दारात उभी असती तर? हेच सारखं येऊन राहिलं मनात.

आत्ता गणपतचा थोरला भाऊ येऊन गेला. "चुकलं त्याचं, दादा. मिटवून टाका." तक्रार न देण्याचे पन्नास हजार देत होता. मी न्हाई म्हणालो.