चाळीसाव्याचा डबा

सांगली,
१९ डिसेंबर २०२४

चि. जाफर यास आपाकडून अनेक दुवा.

पत्र बघून तू हसशील. पण फोनवर तुझ्याशी बोलता येत नाही. मी दोन वाक्यं बोलले, की तू गिऱ्हाईक आलंय म्हणून ठेवतोस आणि संध्याकाळी अंगठ्याचं चित्र पाठवतोस. फॅमिली ग्रुपवर लिहावं तर तिथे तेवीस माणसं आहेत आणि फुफी सगळ्यांच्या आधी वाचतात. अब्बांवरून आपण भांडतोय हे त्यांना कळायला नको. म्हणून कागद घेतला.

अब्बांना जाऊन आज सतरा दिवस झाले. चाळीसावा दहा जानेवारीला, शुक्रवारी येतो. फातिहा वडूजला घरीच आहे. गेलेल्या माणसाच्या आवडीचा पदार्थ त्या दिवशी फातिहाला ठेवायचा, ही आपल्या घरची रीत. फुफी म्हणाल्या, की आमच्या भावाची आवड तर सगळ्या गल्लीला ठाऊक आहे, ते बाजारातलं डब्यातलं तळलेलं चिकन. इथवर माझं काही म्हणणं नाही. पण तू मला न विचारता साताऱ्याहून कुक्कूजचे सहा डबे आणतो, असं फुफींना परस्पर सांगून टाकलंस. अब्बांना कुक्कूजचं आवडायचं, हे तुला कुणी सांगितलं?

दर महिन्याला शिलाईच्या कामाचं अस्तर आणि बटणं घ्यायला अब्बा सांगलीला यायचे. बाजार करून दुपारी माझ्याकडे जेवायचे आणि परतताना मला घेऊन क्रंचाबाद या चिकनच्या दुकानात जायचे. बाहेरचा चहासुद्धा महाग म्हणणारा माणूस तिथे रांगेत उभा राहायचा. माझ्यासमोर एक तुकडा खायचे, लय भारी म्हणायचे आणि बाकीचं बांधून घ्यायचे. एसटीत खातो म्हणायचे. दोन वर्षांत एकदाही हे चुकलं नाही.

आणि चव म्हणशील तर क्रंचाबादचं चिकन आतपर्यंत मुरलेलं असतं. लसूण, मिरची, कढीपत्ता हाडापर्यंत पोचतो. साल पातळ. तुझं कुक्कूजचं मी पुण्यात एका लग्नाला गेले होते तेव्हा खाल्लंय. वर खवल्याखवल्यांचं जाड पीठ, आत उकडलेली कोंबडी. मीठसुद्धा वरच्या वर. अब्बा तिखट खाणारे. त्यांना ते कसं आवडेल?

माणूस गेल्यावर त्याच्यासाठी करण्यासारखं फार काही उरत नाही, जाफर. एक दिवस आहे. त्या दिवशी त्यांच्या नावानं चुकीचा पदार्थ ठेवला, असं मला आयुष्यभर वाटत राहायला नको.

अम्मीला यात ओढू नकोस. ती इद्दतीत बसली आहे, एप्रिलपर्यंत घराबाहेर पडायचं नाही. आधीच ती कमी बोलते. तुझ्या मदिहाला दुवा. माया आहेच, ती कमी होऊ देऊ नकोस, पण उत्तर लिही. अंगठा नको.

तुझी,
परवीनआपा


सातारा,
२३ डिसेंबर २०२४

प्रिय परवीनआपास सलाम वि. वि.

पत्र दुकानात आलं. मी एकाच्या डोळ्यांवर चष्म्याची फ्रेम बसवत होतो, म्हणून मदिहाने मोठ्याने वाचून दाखवलं. गिऱ्हाईकाने सगळं ऐकलं आणि जाताना सांगितलं, की तुमच्या बहिणीचं बरोबर आहे, मसाला पाहिजेच. चष्मा न घेताच गेला. असो.

आता माझं ऐक. अब्बा दर महिन्याला डोळे तपासायला साताऱ्याला यायचे. डॉक्टर डोळ्यांत औषध घालायचे, तासभर त्यांना धड दिसायचं नाही. तरी कुक्कूजच्या दारावरून गेलो की ते बरोबर थांबायचे. वास आला म्हणायचे. आत काउंटरवर उभं राहून डब्याला भोकं पाडून द्या, वाफ कोंडून साल मऊ पडतं, असं तिथल्या पोरीला दर वेळी समजावायचे. शेवटी शेवटी ती त्यांना बघूनच टाचणी काढायची. चवीत जीव असल्याशिवाय माणूस एवढं करेल का? माझ्यासमोर एक तुकडा खायचे, असं चिकन दुसरीकडे नाही म्हणायचे, आणि बाकीचं बांधून घ्यायचे. एसटीत खातो, हे मलाही सांगायचे.

बटणांचं म्हणशील तर आपा, बटणं साताऱ्यातही मिळतात. अस्तरही मिळतं. ते तुला भेटायला सांगलीला यायचे. तू क्रंचाबादमध्ये नेलंस म्हणून तिथलं खाल्लं. तू त्यांना हळदीचा गोळा दिला असतास तरी लय भारी म्हणाले असते.

कुक्कूजचं साल जाड आहे, मान्य. पण ते वाजतं. दात लागला की शेजारच्या टेबलापर्यंत आवाज जातो. आतलं मांस पांढरं, ओलसर, वाफाळतं. तुमच्या क्रंचाबादमध्ये कोंबडी कुठे संपते आणि मिरची कुठे सुरू होते तेच कळत नाही, असं खाल्लेले लोक सांगतात. मी अजून खाल्लेलं नाही.

मशिदीतल्या हाफिजसाहेबांना विचारलं. ते म्हणाले, हलाल असू दे आणि मयताच्या आवडीचं असू दे, डब्यावर काय छापलंय ते अल्लाह बघत नाही. फक्त थंड्याच्या बाटल्या ठेवू नका. दोन्हीकडचं हलाल आहे, ती चौकशी मी केली.

आता भांडण नको, परीक्षा घेऊ. कृष्णात कुरिअरच्या गाडीबरोबर रोज साताऱ्याहून सांगलीला जातो आणि परत येतो. गुरुवारी त्याच्याबरोबर कुक्कूजचा डबा पाठवतो, तू त्याच्याच हाती क्रंचाबादचा दे. दोघांनी प्रामाणिकपणे खाऊन लिहायचं. मात्र अब्बांच्या जिभेने खायचं, आपल्या नाही.

भाईजींना सलाम, अर्फाला दुवा. रागावलीस तरी आठवण ठेव.

तुझा,
जाफर


सांगली,
२८ डिसेंबर २०२४

चि. जाफर यास अनेक दुवा.

डबा पोचला. कृष्णात म्हणाला, ताई, लय जपून आणलाय, मांडीवर घेऊन बसलो हुतो. त्याच्या मांडीवर साडेतीन तास राहिल्यावर साल वाजेल अशी अपेक्षा नव्हतीच. ते ओल्या पुठ्ठ्यासारखं झालं होतं. तव्यावर गरम केलं. आतलं मांस मऊ होतं, हे लिहिते, कारण प्रामाणिकपणाचं ठरलंय. पण अळणी. तुझ्या भाईजींनी, रिजवाननी, त्यावर लिंबू पिळून तीन तुकडे खाल्ले आणि दोन्हीकडचं चांगलं आहे म्हणाले. या घरात मला साथ देणारं कुणी नाही.

तुझा निकाल फोनवर आला: मसाला फार, पोट जळलं. तुझं पोट हा पुरावा नाही, जाफर. अब्बांच्या जिभेने खायचं तूच ठरवलं होतंस.

अर्फा तर म्हणाली, की मम्मी, दोन्ही चिकनच आहे. वर म्हणे, नाना आपल्याबरोबर खायचे तेव्हा नुसतं वरचं साल सोलून खायचे आणि आतलं मला द्यायचे. मी तिला अभ्यासाला बसवलं. मोठ्यांच्या गोष्टीत बोलायची तिला सवय लागली आहे.

एक गोष्ट सांगते, चिडवू नकोस. तुझा डबा उघडून मी बघत बसले, की यातला कुठला तुकडा अब्बांनी आधी उचलला असता. मला आठवेना. दोन वर्षं समोर बसले होते ते, आणि मला आठवेना. मग एका घासापलीकडे खाणं झालं नाही.

तीन डबे तुझे, तीन माझे, असं फुफींना सुचवलं. त्या म्हणाल्या, फातिहा आहे की हॉटेलांचं प्रदर्शन, एक काय ते ठरवा. शुक्रवार जवळ येतोय. तूच माघार घे, लहान आहेस. अम्मीला मात्र विचारू नकोस, पुन्हा सांगते.

जीव लावतोस तसा लावत राहा, पण जरा ऐकत जा.

तुझी,
परवीनआपा


वडूज,
४ जानेवारी २०२५

चि. परवीन व चि. जाफर, दोघांस अम्मीकडून अनेक दुवा.

हेच पत्र मी दोनदा लिहिलं आहे, एकेकाला एक. शब्द तेच आहेत. तपासून बघा, नाहीतर त्यावरून भांडाल.

तुमची दोघांची पत्रं गुरुवारी एकाच वेळी आली. मला विचारायचं नाही असं तुमचं ठरलं होतं म्हणे. दोघांनीही विचारलं आहे, आणि दोघांनीही दुसऱ्याला कळू देऊ नकोस म्हणून लिहिलं आहे. पत्रं शेजारच्या शालूबाईंनी आत आणून दिली. म्हणाल्या, आवं भाभी, दोनी पोरांची पत्रं एका दमात, वाटणी-बिटणी मागत्यात का काय. मी म्हटलं, न्हाई, कोंबडी मागत्यात. तुमचे अब्बा गेल्यानंतर मी पहिल्यांदा हसले, म्हणून त्याही हसल्या.

तुमच्या अब्बांना तळलेलं चिकन आवडत नव्हतं. कुक्कूजचंही नाही आणि क्रंचाबादचंही नाही. तुमच्यासमोर एक तुकडा खाल्ला तरी घरी येऊन जिऱ्याचं पाणी मागायचे. ते चिकन आवडायचं मला.

दोन वर्षांमागे जाफरने बळे बांधून दिलेला डबा ते घरी घेऊन आले. त्यातला एक तुकडा मी स्वयंपाकघरात उभ्याने खाल्ला. त्यांनी ते बघितलं. आपल्या घरी कोंबडी शिजली की माझ्या ताटात मान आणि पाठ यायची. त्यात कुणाचा दोष नाही, वाढणारी मीच. पुढच्या महिन्यात ते डबा घेऊन आले, त्यात चारही तुकडे मांडीचे. मी काही म्हटलं नव्हतं.

फुफींनी विचारलं, हे काय नवीन. तेव्हा तुमचे अब्बा म्हणाले, मलाच चटक लागलीय, आणि सगळं स्वतःवर घेतलं. साठी उलटलेली बाई बाजारातून असलं मागवते, हे फुफींना पटलं नसतं. फुफी वाईट नाहीत, त्यांच्यावर रागावू नका, त्यांची पद्धत तशी आहे. दोन वर्षं त्या भावाला बोलल्या, की या वयात ही जीभ शोभते का. ते ऐकून घ्यायचे. मगरिबच्या नमाजनंतर फुफी तसबीचे मणी ओढत आतल्या खोलीत बसल्या की मी चुलीपाशी खायचे आणि ते दाराशी पाटावर बसायचे. मधूनमधून मोठ्याने वा वा म्हणायचे, आत ऐकू जावं म्हणून. मी खुणेनं गप्प करायचे, तर आणखी म्हणायचे. मग गल्लीलाही त्यांची आवड ठाऊक झाली.

त्यांना आवडायचा अख्खा मसूर. चपाती, कच्चा कांदा आणि मसूर. तुमच्या घरीही ते दुपारी तेच जेवायचे ना? तुम्ही दोघांनी ते वाढलंत आणि लक्षात ठेवलं चिकन.

परवीन, कुठला तुकडा आधी उचलायचे ते तुला आठवलं नाही म्हणून तू रडलीस, तसं तू मला लिहिलं आहेस. त्यांचं त्या डब्यात मनच नसायचं, तर तुला आठवणार काय? तुझं काही चुकलेलं नाही.

पण मला एका गोष्टीचा वैताग आला आहे, तो लिहिते. एवढं चिकन साताऱ्याहून सांगलीला आणि सांगलीहून साताऱ्याला गेलं, वडूजला एक तुकडा आला नाही. गल्लीतून रोज खिचडी नाहीतर दालचा येतो. लोक प्रेमाने आणतात, मी खाते. पण मेलेल्या माणसाला काय आवडायचं यावर तुम्ही सहा पानं लिहिलीत. मी जिवंत आहे, इद्दतीत जेवायला बंदी नाही, मला काय हवं ते दोघांपैकी एकानेही विचारलं नाही.

चवीचं विचारलं आहे म्हणून सांगते. जाफर, कुक्कूजचं साल चांगलं, दोन तासांनीही वाजतं. आत मीठ कमी पडतं, हे आपाचं खरं आहे. परवीन, क्रंचाबादचं मांस चांगलं, हाड टाकवत नाही. साल मात्र इथवर येईतो नरम पडतं, तो दुकानाचा दोष नाही, अंतराचा आहे. पण दोन्ही शेजारी ठेवून मी कधी खाल्लेलं नाही. ते एका दिवसात साताऱ्याला आणि सांगलीला कसे जाणार? म्हणून सरस कुठलं ते मी अजून ठरवलेलं नाही. तुम्हीच ठरवून बसलात.

तर शुक्रवारचं असं. फातिहाला अख्खा मसूर ठेवायचा. गुरुवारी मी भिजत घालते, शिजवीन मीच. सहा डबे आणू नका. जाफरने साताऱ्याहून एक लहान डबा आणावा, परवीनने सांगलीहून एक. दोघांनी साधारण एका वेळेला पोचा, म्हणजे अन्याय होणार नाही. वाटेत कुणी उघडायचा नाही, अर्फालाही सांगून ठेव.

मसूर ठेवलाय तर हे डबे कशाला, असं फुफी विचारतील. तेव्हा अब्बांचं नाव घेऊ नका. अम्मीनं मागवलंय म्हणून सांगा. मी तिथेच बसलेली असेन.

दोघं सुखरूप या, आणि दुवांमध्ये आम्हा दोघांना सोबतच ठेवा.

तुमची,
अम्मी