वाकड्या शिवणीची गल्ली

सोमवार, १४ ऑक्टोबर

पोचलो एकदाचे! विमान, मग बस, मग आणखी एक बस — कंबरेचा पार भुगा. चर्चच्या मागच्या हॉलमध्ये आमच्या पथकाने डोळ्यांचा दवाखाना थाटलाय. प्रार्थनेची बाकं भिंतीला सारली, मधे पडदे, शाळेतून आणलेल्या टेबलांवर तपासणीची यंत्रं. माझं काम सोपं. ज्या डोळ्याचं ऑपरेशन, त्याच्या भुवईवर चिकटपट्टी लावायची आणि थेंब घालायचे. एकोणतीस वर्षं पोस्टात शिक्के मारले, त्यापुढे हे काय अवघड, असं म्हटलं तर डॉक्टर म्हणाले, "ताई, चिकटपट्टी चुकली तर चांगला डोळा कापला जाईल." तेव्हापासून प्रत्येकाला तीन-तीनदा विचारते, कुठला डोळा? लोक वैतागतात. वैतागू देत.

मंगळवार, १५

एकशे चार पेशंट. पाय सुजलेत. ह्यांचा घरून फोन — "कुकरची शिट्टी कुठे ठेवलीस?" एवढ्या लांब आले तरी सुटका नाही.

बुधवार, १६

आज एक शिवणकाम करणारी बाई आली. साठीच्या आसपासची, पलीकडच्या गल्लीत एकटी राहते. मी मनातल्या मनात तिला शिवणमावशी करून टाकलंय. नेहमीसारखं विचारलं, कुठला डोळा? इथल्या शाळेतल्या बाई दुभाषी म्हणून आमचं बोलणं इकडचं तिकडे करतात. त्या हसून म्हणाल्या, "ती विचारतेय, निवडायला आहे कुठे?" डावा लहानपणीच गेला. उजव्यात मोतीबिंदू, जुना आणि घट्ट. चार वर्षं नुसता उजेड नि अंधार कळतो.

डॉक्टर नको म्हणाले. एकच डोळा, बिघडला तर आहे तो उजेडही जाईल. मावशी उठली आणि जाताना बाकाला ठेचकाळली. मला राहवेना. डॉक्टरांच्या मागेच लागले. तुम्ही हजारो केलीत म्हटलं. "त्यातली बिघडलेली मला अजून आठवतात," ते म्हणाले. शेवटी कंटाळून, "तिलाच विचारा. पण सगळं सांगून."

सगळं सांगितलं. काहीही लपवलं नाही. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "उद्या किती वाजता येऊ?"

नसती उठाठेव कुणी सांगितली होती मला?

गुरुवार, १७

तिचं ऑपरेशन झालं. एरवी वीस मिनिटं लागतात, तिला पंचावन्न. डॉक्टर बाहेर आले, पाणी प्यायले. "उद्या डोळा उघडल्यावर कळेल." बस्स, एवढंच.

संध्याकाळी मात्र मजा. मावशीच्या गल्लीतला बेकरीवाला आला आणि त्याच्यामागे तिथलीच सात-आठ माणसं. आभार मानायला आलेत वाटलं, म्हणून मी पदर सावरून उभी. कसले आभार! बेकरीवाल्याने अंगातला शर्ट ओढून दाखवला. एक बाही मनगटापर्यंत, दुसरी कोपराखालीच संपलेली, खिसा जवळजवळ काखेत. त्याच्या बायकोच्या झग्याची शिवण पोटावरून निघून पाठीकडे गेलेली. चार वर्षं मावशी बोटांनी चाचपून शिवतेय आणि गल्ली ते मुकाट्याने अंगावर घालतेय! "काम नाही दिलं तर ती दिवसभर करणार काय?" बेकरीवाला म्हणाला.

आता पंचाईत अशी की उद्या तिला दिसलं तर पहिल्यांदा हेच दिसणार. मग ठरलं — सगळ्यांनी दुकानातले तयार कपडे घालून यायचं. दारावर उभं राहून लक्ष कोण ठेवणार? "माझ्यावर सोडा," मी म्हटलं. मला तर असली कामं फार आवडतात.

शुक्रवार, १८

दिसतंय! डॉक्टरांनी बोटं समोर धरली. तिने दोन सांगितली, मग तीन, मग म्हणाली, "नखं कापा." माझा जीव भांड्यात पडला. रडले मी, आणि चांगली रडले.

मग सगळ्यांना आत सोडलं. सगळे कडक इस्त्रीत. मावशी एकेकाजवळ जायची, आवाज ऐकून चेहरा बघायची, गालाला हात लावायची. मग नजर खाली. खांदा, बाही, शिवण. बेकरीवाल्यापाशी थांबली. पुन्हा एकदा सगळ्यांवरून नजर फिरवली आणि हळूच काहीतरी बोलली. शाळेतल्या बाई सांगेनात. मीच हट्ट धरला.

"म्हणते, चार वर्षं शिवलं. एकाच्याही अंगावर नाही."

खरं कारण सांगायचं तर तू वाकडं शिवतेस हेही सांगायला हवं, आणि ते कोण सांगणार? ती निघून गेली. कुणाचा हात न धरता. एवढं चालता आलं तिला, आणि मला ते बघवेना.

दारावर उभी राहून एकेकाचे कपडे तपासणारी शहाणी मीच ना? बेकरीवाल्याचा भाऊ तिने शिवलेली पँट घालून आला होता. त्याला मीच परत पाठवलं, बदलून ये म्हणून. तो एक जरी आत गेला असता!

डॉक्टर म्हणाले, "डोळा एकदम छान झालाय." मी जेवले नाही.

शनिवार, १९

मावशी सकाळी थेंब घालायला आलीच नाही. बाटली घेतली, शाळेतल्या बाईंना घेतलं आणि तिच्या गल्लीत गेले. ती घरात नव्हती, रस्त्यातच उभी होती, मान वर करून. काल गल्लीने अंगावरून उतरवलेलं सगळं धुऊन दोऱ्यांवर वाळत होतं. या घरापुढे, त्या घरापुढे, शेवटपर्यंत. तिने बेकरीवाल्याच्या शर्टाची कॉलर खाली ओढून मला दाखवली.

"वाकडी आहे. ते बोटांना तेव्हाच कळलं होतं," ती म्हणाली. मग कॉलरच्या घडीवरून अंगठा फिरवला. "पण झिजलीय बघ."