गरुडदृष्टी आणि टवका उडालेला फोन

३ नोव्हेंबर, सोमवार
बायकोला व्हिडिओ कॉलचा फोन घ्यायचं आज नक्की केलं. अठरा तारखेला नातवाचा पहिला वाढदिवस. लेक सातासमुद्रापलीकडे. तिथे केक कापतील तेव्हा इथे भर दुपार, म्हणजे मी फॅक्टरीत आणि बायकोच्या हातात तो बटणांचा डबा फोन. रविवारी कॉल होतो, पण माझ्या फोनवर. साहजिकच आधी मी बोलतो. तिची पाळी येईपर्यंत नातू झोपतो. यात माझा दोष नाही, मुलाला झोपेची शिस्त नाही.

बायको म्हणाली, कोपऱ्यावरच्या पक्कडकडून घेऊ, तो जुने फोन नीट करून विकतो. पक्कड म्हणजे मोबाइल दुरुस्तीवाला. नाव मीच ठेवलंय. मी साफ नकार दिला. गेल्या वर्षी माझा फोन चार्ज होईना, तेव्हा मी स्वतः निदान केलं होतं की मदरबोर्ड गेला. हा म्हणतो, साहेब, चार्जिंगच्या भोकात धूळ बसलीय. असल्या अडाण्याशी काय वाद घालायचा? फोन त्याच्याच काउंटरवर टाकला, ठेव तुलाच म्हटलं आणि नवा घेतला.

जुना फोन घ्यावा तर ऑनलाइन लिलावातच. त्याला अभ्यास लागतो.

४ नोव्हेंबर
अभ्यास सुरू. नियम ठरवले. विक्रेत्याचे रेटिंग बघायचे. फोन चोरीचा नाही याची खात्री करायची. आपलं नाव-पत्ता कुणाला कळू द्यायचा नाही. माल साइटच्या केंद्रातून उचलायचा. सर्वात महत्त्वाचं, लिलावात डोकं थंड ठेवायचं. मी बाटल्यांच्या झाकणांच्या फॅक्टरीत क्वालिटी चेकिंगला आहे. वाकडं झाकण माझ्या नजरेतून सुटत नाही, तर वाकडा माणूस काय सुटणार!

साइटवर नाव घेतलं: गरुडदृष्टी.

७ नोव्हेंबर
सापडला! विक्रेत्याचं नाव ‘भरोसा’. रेटिंग उत्तम. फोन माझ्या जुन्या फोनच्याच कंपनीचा, तेच मॉडेल, तोच रंग. डाव्या कोपऱ्याला छोटा टवका उडालाय, त्याचाही फोटो टाकलाय. दोष लपवत नाही म्हणजे माणूस सरळ. माझ्याही फोनला तिथेच टवका होता. हे मॉडेल पडलं की तिथेच टवकतं, हे मार्केटमध्ये फार थोड्यांना माहीत असेल.

८ नोव्हेंबर
विक्रेत्याला लेखी प्रश्न विचारले. फोन कुणाचा? उत्तर आलं, माझ्या ओळखीच्या साहेबांचा, इथेच राहतात. लॉक वगैरे? म्हणे, आहे, त्यांच्या अकाउंटचं लॉक आहे, पण सांगितलं की उघडून देतील. बिघाड? काहीच नव्हता, भोकात धूळ होती.

मालक माहीत आहे म्हणजे चोरीचा प्रश्नच मिटला. धुळीचं वाचून क्षणभर थांबलो. या धंद्यातले सगळे एकच पुस्तक वाचून आलेले दिसतात.

१० नोव्हेंबर, सोमवार
लिलाव लंच अवरमध्ये बंद होणार होता. डबा उघडायलाही फुरसत नव्हती. शेवटच्या मिनिटांत बोली वाढत होती. मीही सोडली नाही. जिंकलो!

पॅकिंगमधल्या बाईंनी स्क्रीन बघून सांगितलं की शेवटच्या चार बोल्या माझ्याच होत्या, दुसरा गडी कधीच उठून गेला होता. बाहेरच्या माणसाला बोलायला काय जातं? मैदानात उतरल्यावर समोर कोण आहे हे बघायचं नसतं.

किंमत नव्या फोनच्या जवळपास गेली. बायकोला आकडा सांगितला नाही. तिला आकड्यांत रस नसतो.

१२ नोव्हेंबर
केंद्रातून फोन आणला. कपाटात माझ्या स्वेटरखाली ठेवला. बायकोला आत्ताच दाखवायचा नाही, सरप्राइज.

१३ नोव्हेंबर
फोन उघडेना. आधीच्या मालकाचं अकाउंट आणि पासवर्ड मागतो. ‘भरोसा’ला कडक मेसेज केला: तुमच्या साहेबांना ताबडतोब गाठा.

१४ नोव्हेंबर
संध्याकाळी येताना पक्कडने रस्त्यात अडवलं. साहेब, तुमच्या त्या जुन्या फोनचं जरा... असं काहीतरी सुरू केलं. मी वाक्य पुरं होऊ दिलं नाही. म्हटलं, मला वेळ नाही, मी एका महत्त्वाच्या व्यवहारात आहे. एकदा ऐकून घेतलं की हे लोक डोक्यावर बसतात.

१५ नोव्हेंबर
‘भरोसा’चा मेसेज: मालकांना काल भेटलो. ऐकूनच घेत नाहीत. आधीपासून स्वभावच तसा आहे.

बिचारा विक्रेता. कसली कसली माणसं असतात! स्वतः फोन टाकून द्यायचा आणि वर पासवर्डवर नागोबासारखं बसायचं. अशा माणसाच्या घरचे काय भोगत असतील कोण जाणे.

१६ नोव्हेंबर, रविवार
साइटवर जाहीर अभिप्राय लिहिला. “विक्रेता सज्जन. परंतु फोनचा आधीचा मालक अत्यंत हेकट, बेजबाबदार आणि बिनडोक आहे. ग्राहकांनी सावध राहावे.” लिहून झाल्यावर हलकं वाटलं.

लेकीचा कॉल आला. नातू आता धरून उभा राहतो म्हणे. बायको हात पुसत येईपर्यंत मी सायबर सुरक्षेवर बोलत होतो. मग नातू झोपला. बायकोने विचारलं, मंगळवारपर्यंत होईल ना हो? म्हटलं, झालाच समज.

१८ नोव्हेंबर, मंगळवार
सकाळी सरप्राइज फोडलं. म्हटलं, उघडत नाहीये, पण निदान हातात धर. ती टवक्यावर अंगठा फिरवत बराच वेळ बघत राहिली. माझ्याकडेही बराच वेळ बघितलं. कौतुक असणार.

दुपारी कँटीनमध्ये पोरांना ऑनलाइन फसवणुकीवर चार शब्द सांगत होतो आणि माझ्या फोनवर सूचना आली: दुसऱ्या फोनवरून कोणीतरी तुमच्या अकाउंटमध्ये शिरू पाहतंय, तुम्हीच आहात का? उदाहरण चालून आलं! सगळ्यांना दाखवून ‘नाही, मी नाही’ दाबलं. पुन्हा आली. पुन्हा दाबलं. मध्येच बायकोचा फोन आला. ऐन हल्ल्याच्या वेळी हिला सुचतं कसं? कट केला. तिसऱ्यांदा आली, तिसऱ्यांदा दाबलं. मग अकाउंट सुरक्षेसाठी एक दिवस बंद केल्याचा मेसेज आला. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

संध्याकाळ. बायको स्वयंपाकघरात नुसतीच बसली होती. गॅस बंद. लेकीने बटणांच्या डब्यावर फोन करून सांगितलं म्हणे. नातू आज चालला. केककडे, चार पावलं. आई, तू बघायला हवी होतीस, असं म्हणाली.

मी हॅकरचं सांगायला लागलो. बायको शांतपणे म्हणाली, “अहो, तो हॅकर मी होते. हा फोन तुमचाच आहे, मी टवक्यावरून ओळखला. म्हणून तुमचंच अकाउंट घातलं. तीनदा विचारलं त्याने, तुम्हीच का म्हणून. तीनदा तुम्ही नाही म्हणालात.”

मी फोन उलटा करून बघितला. सुलटा करून बघितला. टवका माझाच. पक्कडच्या काउंटरवर टाकलेला, लिलावात लढून जिंकलेला. फार वाईट वाटलं. पैशांचं नाही. म्हणजे पैशांचंही वाटलं, पण जेवताना आठवत होती ती चार पावलं.

२० नोव्हेंबर, गुरुवार
अकाउंट कालच सुरू झालं. बायको आज सकाळी फोन घेऊन पक्कडकडे गेली. पासवर्ड मला आठवला नव्हता. तिला पाठ होता. लेकीचं लाडाचं नाव, माझ्या सगळ्याच गोष्टींना मी तेच ठेवतो म्हणे. माझ्या फोनवर सूचना आली, या वेळी मी ‘हो, मीच’ दाबलं. पक्कडने भोकातली राहिलेली धूळसुद्धा काढून दिली.

दुपारी कॉल झाला. बायकोने साखरेच्या डब्याला टेकवून फोन उभा केला, हाक मारली, आणि नातू हसत थेट स्क्रीनकडे चालत आला. सहा पावलं. मी फॅक्टरीत होतो. झाकणं तपासत.

मला रविवारी दाखवणार आहे, तिचं बोलून झाल्यावर. मुलगा जागा असेल तर.

साइटवर अभिप्राय खोडायला गेलो. खोडता येत नाही असा नियम आहे. खाली ‘भरोसा’चं उत्तर आलंय: “आधीच्या मालकाबद्दल सहमत. वहिनी मात्र फार चांगल्या आहेत.” त्याच्याखाली साइटने विचारलंय, हे उत्तर उपयोगी वाटलं का? आतापर्यंत एकीनेच ‘हो’ दाबलंय. आजच, माझ्या जुन्या फोनवरून.