साडूला वाट चुकवण्याची योजना

२ मार्च, शनिवार
सासऱ्यांकडे सगळे जमलो होतो. साडूने (मेहुणीचा नवरा, टायरचं दुकान, उंची सहा फूट, अक्कल बेताची) गेल्या वर्षीचा किस्सा पुन्हा सांगितला. चौथ्यांदा. घटना एवढीच, की किल्ल्यावरून उतरताना माझी सॅक त्याने घेतली होती. पण हा सांगतो कसं, तर म्हणे साडूबुवांची सॅक मी आणली, त्यांना फक्त स्वतःला आणायचं होतं, तेही जड गेलं. सगळे खो खो हसले. बायको सर्वांत जास्त.
सूड घ्यायचा. नक्की. कसा, ते ठरायचंय.

३ मार्च, रविवार
दात-ओठ खातच उठलो. सासऱ्यांचा फोन. २४ तारखेला पुन्हा तोच किल्ला. ते निवृत्त सर्व्हेअर. गुडघे गेलेत, त्यामुळे खाली गाड्यांपाशी घडीची खुर्ची टाकून बसणार. त्यांचं पितळी होकायंत्र, ज्यावर चाळीस वर्षं नोकरी केली, ते एका जावयाला देऊन टाकणार. वरच्या दरवाजाशी जो आधी पोचेल त्याला.
साडूला होकायंत्र कशाला? हवेचा दाब मोजायला? मी बावीस वर्षं शाळेत भूगोल शिकवतो. ते होकायंत्र माझंच आहे, तूर्तास त्यांच्या कपाटात ठेवलंय इतकंच.

४ मार्च, सोमवार
माहितीपत्रक मिळवलं. गोल वाट, नऊ किलोमीटर, श्रेणी मध्यम. एका अंगाने चढायचं, तटबंदीला वळसा घालायचा, दुसऱ्या अंगाने उतरायचं. किल्ला दोन हजार वर्षांचा. मध्यम म्हणजे माझ्यासाठी किरकोळच.
संकल्प: रोज शाळेचे चार मजले दोनदा चढायचे. पाठीवर सहा ॲटलास.

५ मार्च, मंगळवार
दोन मजले. एक ॲटलास. मुख्याध्यापकबाई भेटल्या, पायरीवर का बसलात म्हणाल्या. उंचीचा अभ्यास चाललाय म्हटलं.

८ मार्च, शुक्रवार
जिना बंद केला. स्नायू विश्रांतीतच वाढतात, हे शास्त्र आहे. सध्या जोरात वाढवतोय.

११ मार्च, सोमवार
साडूचा फोन. गुडघ्याला बांधायचा पट्टा पाठवू का, विचारत होता. जखमेवर मीठ! नको म्हणून ठणकावून सांगितलं. संध्याकाळी पट्टा आलाच. माझ्या मापाचा निघाला. कपाटात भिरकावला.

१५ मार्च, शुक्रवार, मधली सुट्टी
सुचलं! स्टाफरूममध्ये एकटाच हसलो. विज्ञानाच्या सरांनी चहा पुढे सरकवला.
पायथ्यापासून वीस मिनिटांवर वाट फुटते. तिथे एक खांब, त्यावर लाकडी बाण, दोन स्क्रूंवर. बाण दुसरीकडे फिरवला की साडू गेलाच रानोमाळ. मी आरामात वर. वरून विचारायचं, सॅक आणू का?

२० मार्च, बुधवार
दात दुखतोय सांगून अर्धी रजा. शाळेच्या नकाशांच्या कपाटातला स्क्रूड्रायव्हर सोबत घेतला. मुठीवर मीच पांढऱ्या रंगाने ‘भूगोल विभाग’ लिहिलंय, कारण आमच्या शाळेत वस्तूंना पाय फुटतात.
वीस मिनिटांच्या वाटेला पन्नास लागली (निरीक्षण करत गेलो). बाण डावीकडे होता, तो उजवीकडे केला. इतर लोक चुकतील का, असा विचार आला. पण इतर लोकांनी नकाशा वाचायला शिकायला नको का?
घरी बायकोने विचारलं, कुठला दात? डावा म्हटलं. मग रात्री उजव्याने खाल्लं नाही. तिच्या लक्षात आलं असावं.

२१ मार्च, गुरुवार
स्क्रूड्रायव्हर गायब. शिपायावर माझा पूर्ण संशय. चारचौघांत सुनावलं, वस्तू जागेवर ठेवायची शिस्त उरली नाही म्हणून. बिचारा मान खाली घालून उभा राहिला. चोराच्या मनात चांदणं.

२३ मार्च, शनिवार
बायको म्हणाली, भाऊजी सकाळीच किल्ल्याकडे गेलेत, वाट नजरेखालून घालायला. उत्तम! आज बाण बघून येईल, उद्या डोळे मिटून त्याच दिशेला जाईल. आपल्या पायाने चालत फशी पडणारा शत्रू असा सहसा मिळत नाही.

२४ मार्च, रविवार, सकाळी ८
पायथा. सासरे खुर्चीत, होकायंत्र मांडीवर. बायको आणि मेहुणी मागून सावकाश येणार. मी साडूला म्हटलं, तुम्ही व्हा पुढे. तो म्हणाला, बरोबरच जाऊ की. मी म्हटलं, छे, स्पर्धा म्हणजे स्पर्धा. गेला बिचारा शीळ घालत.
गुडघ्याला पट्टा बांधलाय. पँटच्या आतून.

सकाळी ९.१०
फाट्यावर. बाण डावीकडे दाखवतोय. पण मला फसवणार कोण? एकच गोष्ट घोकून आलोय: बाण खोटा आहे. तेव्हा उजवीकडे निघालो. साडू कुठे दिसेना. फसला!

सकाळी १०
वाट उतरतेय. जुने किल्ले असेच असतात, आधी उतरवतात, मग चढवतात.

सकाळी ११.१५
पाण्याची मोठी टाकी. भोवती काटेरी तार. किल्ल्याचा अवशेष म्हणावा, तर वर पंपाचा आवाज.

दुपारी १२.३०
फोनला रेंज नाही. केळं संपलं. वर पाहिलं तर टेकडीच्या पार पलीकडच्या टोकाला तटबंदी, आणि तिच्यावर कोणीतरी उंच माणूस दोन्ही हात हलवतोय. मी हात हलवला नाही. शत्रूला आपला ठावठिकाणा देऊ नये.

दुपारी २
आता मीही हात हलवतोय. तिथे कोणी नाही.

२५ मार्च, सोमवार (रजा. पाय.)
कालचं लिहिणं भाग आहे. चार वाजता शीळ ऐकू आली. साडू. सगळा डोंगर उतरून मला शोधत आला होता. पाणी दिलं. सॅक त्यानेच घेतली. मी दिली नाही, त्याने घेतली, हा फरक नोंदवून ठेवतो.
खाली सगळ्यांदेखत म्हणाला, फाट्यावरचा बाण वाऱ्याने फिरला होता. शनिवारी मी सरळ केला, कारण स्पर्धेत साडूबुवा एकटे पडले तर चुकायला नकोत. मेहुणीचे डोळे भरून आले. वारा म्हणे! दोन पक्के स्क्रू वारा काढतो का कुठे? या माणसाची अक्कल खरंच टायरएवढी, म्हणजे मधोमध पोकळ.
आणि मग सासऱ्यांनी होकायंत्र काढलं. साडूला देणार म्हणून मी बुटाच्या नाडीकडे बघत बसलो. तर ते माझ्या हातात! म्हणाले, जावईबापू, थोरले जावई याच्याशिवायही घरी पोचतात, तुम्हाला याची गरज जास्त.
ज्याला थोरले म्हणतात तो वयाने थोरला आहे, नात्याने नव्हे. असो. पदरात पडलं आणि पवित्र झालं. जिंकलो. एकदाचं उट्टं निघालं.

२७ मार्च, बुधवार
सॅक रविवारी त्याच्या गाडीतच राहिली होती. आज दुकानातल्या माणसाबरोबर पाठवली. धुतलेली. खांद्याचा तुटलेला बंद शिवलेला.
पुढच्या कप्प्यात काहीतरी कडक लागलं. टायरच्या दुकानातल्या फडक्यात गुंडाळलेला स्क्रूड्रायव्हर. तेल लावून पुसलेला. मुठीवर पांढऱ्या रंगात माझं अक्षर: भूगोल विभाग.
चिठ्ठी नाही. म्हणजे शनिवारी त्याला खांबापाशीच सापडला. त्यानेच बाण सरळ केला. सगळं कळून चुकलं होतं, आणि तरी माझ्या तोंडावर सर्वांसमोर वारा म्हणाला. आयुष्यभर पुरेल असा किस्सा हातात असताना.
बायकोने विचारलं, काय आहे सॅकेत? काही नाही म्हटलं. मग स्क्रूड्रायव्हर पुन्हा फडक्यात गुंडाळून ठेवला.
या माणसाला आता माफ करणं मला या जन्मी शक्य नाही.
उद्या शिपायाची माफी मागायची आहे. काय सांगावं कळत नाही. वारा सांगीन.