कॅनची भिंत कोणी पाडू नये

मी, खाली सही करणारा गवंडी, वय वर्षे बाहत्तर, डोकं ठिकाणावर असताना, कोणाच्याही दबावाला भीक न घालता हे मृत्युपत्र लिहीत आहे. प्यायलेलो नाही. मुलाला शंका असल्यास त्याने तोंडाचा वास घ्यावा.

१. राहतं घर, बिअरच्या कॅनच्या भिंतीसह, मुलीला देत आहे. मुलगा म्हणतो, "बाबा, ती भिंत पाडा हो. लोक काय म्हणतील?" लोकांची घरं बांधण्यात माझा जन्म गेला. त्यांनी काय म्हणायचं ते त्या घरांत बसून म्हणावं.

भिंतीची हकिगत अशी. स्लॅब टाकून झाला की आमची टोळी पार्टी करायची आणि रिकामे कॅन रचायची. जातीचे गवंडी, त्यामुळे विटांसारखे सांधा मोडून रचायचो, ओळंबा लावून बघायचो. माझ्याच घराच्या पार्टीला मागच्या खोलीच्या दारात रचले. प्लास्टरवाल्याला चढली होती. त्याने उरलेला सिमेंटचा माल कालवून सांधे भरले. सकाळी भिंत पक्की, आणि बायको आत! ती खिडकीतून ओरडली, "पाडायची नाही हं! तुम्ही या घरात सरळ बांधलेली ही एकच भिंत आहे." मग दार दुसरीकडे फोडलं. ती गेल्यापासून मी त्या भिंतीशी बोलतो. होय, बोलतो. तिची फार आठवण येते.

२. बँकेतली सगळी शिल्लक मुलाला. पोरगा वाईट नाही, त्याला फक्त माझी लाज वाटते. त्या पैशातून त्याने हातोडा सोडून काहीही घ्यावं.

३. थापी आणि ओळंबा प्लास्टरवाल्याला. आमच्या पार्टीत फुकट ढोसून वर आम्हालाच बेवडे म्हणणाऱ्या ठेकेदाराला काहीही नाही. त्याने खांदा द्यायलाही येऊ नये.

४. मी जाईन त्या संध्याकाळी रडारड नको. टोळीतल्या उरलेल्यांनी अंगणात कॅन रचावेत. मुलानेही एक ठेवावा, सरबताचा चालेल. ज्याच्या हातून रचलेलं पडेल, पुढची पार्टी त्याची, असा आमचा नियम आहे. पोराला रचायची सवय नाही, त्याच्याकडूनच पडेल. त्याला कोणी हसायचं नाही. मी पाडलं असं धरावं. पुढची पार्टी माझ्याकडे.

सही: गवंडी, स्वहस्ते

साक्षीदार:
१. प्लास्टरवाला (सही. "माल एक नंबर होता," हे त्याच्या आग्रहावरून लिहिलं.)
२. शेजारच्या डॉक्टरीणबाई (सही. शुद्धीत असल्याची खात्री केली.)

ठिकाण: राहतं घर, भिंतीला पाठ टेकून
तारीख: आजची, रविवार