काचेपलीकडचं काळीज

४ जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

दाजींनी रंगांच्या दुकानात माझ्यासाठी जागा राखून ठेवली आहे हे वाचून हायसं वाटलं. ठरलं, मी हॉस्पिटल सोडतोय. दिवसभर तळघरात बसून ऑपरेशनच्या कात्र्या-चिमटे घासायचे, ट्रेमध्ये लावायचे, वाफेच्या यंत्रात घालायचे. ट्रे लिफ्टने वर जातात आणि माखून परत येतात. मधे काय होतं ते देव जाणे. शिकायची संधी काय ती डॉक्टर-नर्सना. आम्हाला वर्षातून एकदा कागद देतात, त्यावर हसरा, मख्ख आणि रडका असे तीन चेहरे. कामावर किती समाधानी आहात, त्यावर खूण करा. मी मख्खावर करतो, कारण रडक्यावर केली की साहेब बोलावून घेतात.

राजीनामा द्यायला गेलो, तर नव्या मेट्रनबाईंनी पाकीट उघडलंही नाही. सोडून जाणाऱ्याने आधी काचेमागे उभं राहून एक ऑपरेशन बघायचं, मगच सही, असा त्यांचा दंडक आहे. गुरुवारी माझी पाळी. सकाळ फुकट जाणार. दाजींना सांग, एक तारखेला हजर होतो. मुलांना गोड पापा.

तुझा धाकटा


९ जून

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

तू येतोयस म्हटल्यावर यांच्या अंगात उत्साह संचारला आहे. गल्ल्यामागे तुझ्यासाठी पंखा लावून घेतला. हल्ली यांचे गुडघे बोलतात, वरच्या फळीवरचा डबा काढायचा म्हणजे शिडीवर चढायची कसरत. परक्या माणसावर दुकान सोडवत नाही. आपलं माणूस आलं की माझ्याही जिवाला घोर राहणार नाही.

पण तू आणि ऑपरेशन? लस टोचायला बाई आल्या की पलंगाखालून तुझे पाय धरून ओढावं लागायचं. मेट्रनबाईंना आधीच सांगून ठेव, मागे एखादी गादी टाका म्हणावं. तब्येतीला जप.

तुझी ताई


१४ जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

कुठून सुरुवात करावी कळत नाही. मला भोवळ आली नाही. डोळेच मिटवेनात.

हिरव्या कापडातल्या चौकोनातून हृदय दिसत होतं. आपल्या मुठीएवढं, सारखं उसळणारं. मग डॉक्टरांनी ते थांबवलं. रक्त फिरवायचं काम शेजारच्या यंत्राने घेतलं आणि हृदय गप्प पडून राहिलं. त्या गप्प हृदयाला ते केसाएवढ्या दोऱ्याने टाके घालत होते, आणि त्यांच्या हातातला चिमटा माझा होता, ताई. त्याच्या दांड्यावर एक चरा आहे, घासताना रोज माझ्या अंगठ्याला लागतो; दिव्याखाली तो काचेतूनही ओळखू आला. मी खाली ज्याला कंटाळलो होतो तो चिमटा माणसाच्या काळजात फिरत होता.

काम झालं आणि सगळे हात आवरून उभे राहिले. कोणी काही करत नव्हतं, नुसतं बघत होतं. हृदय एकदा थरथरलं, पुन्हा गप्प. मग ते आपलं आपण चालायला लागलं. मी बराच वेळ तिथून हललो नाही. इतकं मोठं काही मी आयुष्यात पाहिलेलं नाही.

मेट्रनबाईंनी ऑपरेशन थिएटरच्या कामाचं प्रशिक्षण आता तळघरातल्या लोकांनाही खुलं केलं आहे. मी नाव दिलं. राजीनामा अजून त्यांच्या टेबलावरच आहे. दाजींना काय सांगायचं ते तूच सुचव.

तुझा धाकटा


१९ जून

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

पत्र वाचून छातीवर हात ठेवून बघितला, चालू होतं. इतकी वर्षं ते न सांगता चाललंय आणि मी कधी त्याची दखल घेतली नाही. यांना वाचून दाखवलं, तर यांनीही छातीवर हात ठेवून बघितला.

पण मी तुला ओळखते. तू भारावतोस लवकर आणि ओसरतोसही लवकर. बासरी आणलीस तेव्हाही असंच केलं होतंस. उद्या परत तळघराला कंटाळलास तर इथली जागा गेलेली असेल. काल शिडीवर यांचा पाय सटकला, थोडक्यात निभावलं. आम्हाला माणूस हवाच आहे. रागावून नाही लिहीत, पण हो की नाही ते एकदाचं कळव.

तुझी ताई


२७ जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

दाजींच्या पायाचं वाचून मन थाऱ्यावर नाही.

इथे माझ्या हातून घोळ झाला. काचेमागून ते ऑपरेशन पाहिल्यापासून माझं समाधानच होत नव्हतं. धुतलेलं पुन्हा धुवायचो, लावलेला ट्रे पुन्हा उलगडायचो. परवा त्यापायी ट्रे वर पोचायला उशीर झाला आणि एका लहान मुलीचं ऑपरेशन खोळंबलं. वाटलं, दुकानाचाच रस्ता आपला.

मेट्रनबाई आवाज चढवून काहीच बोलल्या नाहीत. आई बाहेर बसली आहे, उशीर का झाला ते तिला स्वतः जाऊन सांगा, एवढंच म्हणाल्या. मी गेलो. मीच ते सामान धुतो आणि माझ्यामुळेच थांबावं लागलं, असं सांगितलं. शिव्या खायची तयारी ठेवली होती. त्या बाईंनी माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग हातांकडे. याच हातांनी धुतलेलं आत वापरणार ना, असं त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. त्यांनी माझे दोन्ही हात धरले, आणि मुलगी बाहेर येईपर्यंत जवळ बसाल का, म्हणाल्या.

मला बसता आलं नाही, ताई. खाली पुढच्या ऑपरेशनचा ट्रे लावायचा होता, आणि तो वेळेवर गेला.

दाजींना म्हणावं, दुसरं माणूस बघा. माझी सुट्टी असेल त्या दिवशी शिडीवर मी चढेन. राग आला तर तोही पत्रातून येऊ दे, पण पत्र येऊ दे.

तुझा धाकटा