माठाला टेकवलेलं इंजिन

शेगाव, मंगळवार, दिवेलागण

जुन्या उस्तादांचे डाव मोबाइलमधल्या बुद्धिबळाच्या इंजिनाकडून तपासायचे, हा उद्योग माझाच. दुपारी सलीमभाईच्या शिलाईच्या दुकानात बसलो होतो. एका डावात काळ्यानं नुसत्या मोक्याच्या जागेसाठी मोलाचा हत्ती देऊन हलका घोडा घेतलेला. इंजिन लगेच म्हणालं, घोडचूक. सलीमभाईला ते घरच्या वडीलधाऱ्याला बोलल्यासारखं लागलं.

"दोन सेकंदात कोणाले मूर्ख ठरवते का बे? विचार तं करू दे त्याले."

करू दिला. मोबाइल तापला, म्हणून दुकानातल्या माठाच्या ओल्या अंगाला टेकवला. दोनदा चहा झाला आणि इंजिनाचं मत फिरलं: काळ्याचंच बरं. सलीमभाईनं कात्री ठेवून उस्तादाला सलाम ठोकला.

त्याच भरात आमच्या डावात मीही घोड्यासाठी हत्ती दिला. सलीमभाईनं तो निवांत खाल्ला आणि मला हरवलं. माझा हत्ती इंजिनाला दाखवला, तर पुन्हा घोडचूक.

"विचार तं करू दे त्याले," मी म्हटलं.

"घरी नेऊन करू दे. मले दुकान बंद करायचं हाये."

म्हणून मोबाइल आता आमच्या माठाला टेकलेला आहे. आत्ताच बायको पाणी प्यायली. म्हणते, "पाणी काऊन कोमट लागून राह्यलं?"

इंजिन अजून विचार करतंय. पण मी तरी हत्ती नक्की कशासाठी दिला होता?

माठ तापला, इंजिन काही विरघळेना.